आठानं भागून झालं का?

पॉडकास्टच्या मागच्या भागात मी बोलता बोलता म्हणून गेले, की डेटाच्या वेगाचं रूपांतर करणारी कोष्टकं गणितात बरोबर असतात आणि कामाला लागली की चुकतात. त्यावर दोन-तीन श्रोत्यांनी विचारलं, आठ बिट म्हणजे एक बाइट, यात चुकायला आहे काय? प्रश्न रास्त आहे. बोलताना आकडे ऐकवत बसलं की ऐकणारा निघून जातो, म्हणून इथं लिहिते.

मी कोणत्या कोष्टकांबद्दल बोलतेय ते आधी सांगते. आपल्या शाळेच्या वह्यांच्या मागच्या पानावर मीटर-सेंटिमीटर असायचं, आजीच्या वहीवर शेर आणि मण असायचे, तसंच हे. एका बाजूला ऑप्टिकल जाळ्यांचे वेग: ओसी-३, एसटीएम-१, एसटीएम-१६. दुसऱ्या बाजूला जुनं हार्डवेअर: मोडेम, फ्लॉपी, आयडीई डिस्क, स्कझी, यूएसबीची पहिली आवृत्ती. एक आकडा घाला, दुसरा आठ दशांश स्थळांपर्यंत बाहेर येतो. एसटीएम-१ घातलं तर उत्तर येतं १८.५३९४२८७१ मेगाबाइट प्रतिसेकंद. आठ दशांश स्थळं पाहिली की माणसाचा संशय झोपी जातो. माझा गेला.

मी कुवेतमध्ये पोस्टडॉक आहे. पीएचडी युरोपात केली, तिथं असल्या गोष्टींसाठी वेगळा माणूस असायचा, त्यामुळे हे ज्ञान मला इथंच ठेच लागून आलं. (संस्थेचं नाव सांगत नाही, चूक माझी होती, आणि जी माझी नव्हती तिच्यासाठी कुणाला नावानिशी धरायचं नाही.) आमच्याकडे नव्वदच्या दशकाअखेरचं एक मोजमापाचं यंत्र होतं. त्याला जोडलेला संगणक विंडोज एनटी ४ वर चालायचा. आत दोन आयडीई डिस्क, प्रत्येकीवर २० गिगाबाइटच्या आसपास कच्च्या नोंदी, त्यांत २००४ च्या तीन महिन्यांच्या नोंदी दुसरीकडे कुठंच नव्हत्या. यंत्र भंगारात जाणार असं पत्र आलं. गुरुवारी दुपारी बारा वाजता माणसं उचलायला येणार. इथं शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे गुरुवार म्हणजे आठवड्याचा शेवट, आणि शेवटाला सगळ्यांनाच घाई.

डेटा पुण्याच्या सहकाऱ्यांना हवा होता. मी कोष्टक काढलं. आमच्या वाट्याची बाहेरची जोडणी एसटीएम-१, म्हणजे १५५.५२ मेगाबिट. संगणकाची डिस्क अल्ट्रा डीएमए ३३, म्हणजे ३३ मेगाबाइट, म्हणजे २६४ मेगाबिट. डिस्क जोडणीपेक्षा वेगवान, तेव्हा अडथळा जोडणीचा. १५५.५२ ला आठानं भागलं, १९.४४ मेगाबाइट. ४० गिगाबाइटला चौतीस मिनिटं. चौतीस मिनिटांच्या कामासाठी आठवडाभर आधी कोण उठतं? नेटवर्कवाल्यांकडून एका दिवसाची परवानगी काढली आणि बुधवारी संध्याकाळी चार वाजता फायली सोडल्या.

आमच्या लॅबमध्ये रत्नागिरीकडचे एक चाचा तंत्रज्ञ होते, तीस वर्षं कुवेतमध्ये काढलेले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, हे काय आज संपत नाही." मी म्हटलं, "चाचा, हिशेब केलाय." ते म्हणाले, "हिशेब केलास, पण मोजलंस का?"

प्रत्यक्ष वेग होता सेकंदाला सुमारे ३६४ किलोबाइट. चौतीस मिनिटांऐवजी साडेतीस तास. हा वेग काय लायकीचा ते सांगते: १.४४ ची फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते आणि एका फेऱ्यात ५१२ बाइटचे १८ सेक्टर वाचते, म्हणजे सेकंदाला ४६,०८० बाइट. काचेच्या तंतूवरून समुद्राखालून जाणारी माझी जोडणी आठ फ्लॉपी ड्राइव्हच्या बरोबरीनं चालली होती.

आता या प्रत्येक आकड्याला विचारू, की बाबा रे, तुला कुठं उभं राहून मोजलं?

१५५.५२ हा आकडा आला टेलिफोनवरून. माणसाचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजायचा, दर वेळी आठ बिट, म्हणून एका संभाषणाला ६४ किलोबिट. एसटीएम-१ ची चौकट म्हणजे ९ ओळी आणि २७० रकाने, प्रत्येक घरात एक बाइट, आणि अशा चौकटी सेकंदाला पुन्हा ८,०००. गुणून पाहा, १५५.५२ मेगाबिट येतात. २७० पैकी ९ रकाने चौकटीच्याच देखभालीचे, एक रकाना वाटेच्या नोंदीचा. उरलेल्या २६० रकान्यांचे झाले १४९.७६. वरून एटीएम पद्धत असेल, तर ५३ बाइटच्या प्रत्येक डब्यात ५ बाइट पत्त्याचे; उरले १३५.६. त्यानंतर इंटरनेटची स्वतःची पाकिटं, त्यांचे शिक्के. म्हणजे १५५.५२ हा तारेवरचा वेग आहे. तो खोटा नाही. तो तुमचा नाही, एवढंच.

कुवेतमधल्या कोणत्याही मराठी माणसाला हे दोन मिनिटांत कळतं, कारण तो दर महिन्याला घरी पैसे पाठवतो. एक्स्चेंजच्या बोर्डावर दिनारचा भाव लिहिलेला असतो. तो भाव आणि सांगलीच्या खात्यात जमा होणारी रक्कम यांच्यात पाठवण्याचा आकार असतो, आणि कधी पलीकडच्या बँकेचंही काही असतं. बोर्डावरचा भाव गुणिले दिनार म्हणजे घरी पोचलेले रुपये, असं इथं कुणी समजत नाही. वेगाच्या कोष्टकाबाबत मात्र चांगली शिकलेली माणसं बोर्डच वाचून परत येतात.

दुसरा आकडा, डिस्कचे ३३ मेगाबाइट. हा डिस्कचा वेग नाहीच, डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या पट्टीचा आहे. पट्टीवरून जास्तीत जास्त किती जाऊ शकतं, एवढंच तो सांगतो. आतली तबकडी फिरून, डोकं सरकून, प्रत्यक्षात आमच्या डिस्कमधून सलग निघत होते ९ मेगाबाइट. शिवाय हाच संगणक नेटवर्कला १०० मेगाबिटच्या कार्डानं जोडलेला. हे कार्ड माझ्या हिशेबात नव्हतंच, कारण मी कोष्टकात फक्त दोन टोकं घातली होती. कोष्टकाला दोनच रकाने असतात, वाटेत पाच जण बसलेले असतात.

जुन्या हार्डवेअरच्या आकड्यांची ही खोड सगळीकडे दिसते. ९,६०० बॉडच्या सिरियल पोर्टवर आठानं भागून १,२०० बाइट येतात; खरे जातात ९६०, कारण प्रत्येक बाइटला सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक असे दोन बिट जोडून पाठवतात. तिथं दहानं भागायचं. साटाची पहिली आवृत्ती दीड गिगाबिटची. तिथंही दहानं, कारण आठ बिट दहा करून पाठवायची पद्धत. गिगाबिट इथरनेटच्या फायबरवर तीच पद्धत आहे, पण तिथं जाहीर आकडा आधीच कापून सांगतात: तारेवर सव्वा गिगाबिट, नावात एक. म्हणजे एका कंपूनं कापायच्या आधीचा आकडा छापला, दुसऱ्यानं कापल्यानंतरचा, आणि कोष्टकानं दोघांना एका रांगेत बसवून आठानं भागलं.

हजार की एक हजार चोवीस हा वाद तर सगळ्यांना माहीत असतो, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. दूरसंचारातला किलो हा नेहमी हजाराचा. संगणकाच्या स्मृतीतला बहुधा १,०२४ चा. १९९८ मध्ये आयईसीनं त्यासाठी किबी, मेबी अशी वेगळी नावं ठरवून दिली, ती घराघरात पोचली नाहीत. एक गंमत तेवढी सांगते. आपल्याकडे आणि इथंही वापरली जाणारी जुनी ई-१ जोडणी २,०४८ किलोबिटची. २,०४८ पाहिलं की संगणकवाल्याला वाटतं हा आपला माणूस, दोनाचा घात. पण ते ३२ गुणिले ६४ हजार आहेत, म्हणजे २०,४८,००० बिट. दिसायला नातेवाईक, घराणं वेगळं. आणि फ्लॉपीच्या १.४४ चं घराणं तर कोणतंच नाही: १४,७४,५६० बाइट, म्हणजे १,००० गुणिले १,०२४ च्या हिशेबानं १.४४. दोन्ही पद्धतींची खिचडी करून तो आकडा जगभर छापला गेला. इथं दिनारचे हजार फिल्स होतात, त्यामुळे नवीन आलेला माणूस पहिला आठवडाभर १.२५० वाचताना अडखळतो. पण दुकानदार तरी हजाराच्या जागी एक हजार चोवीस फिल्स मागत नाही.

या सगळ्या कापाकापीनंतरही माझा हिशेब पाचपट, फार तर दहापट चुकायला हवा होता. तो पन्नासपटीहून जास्त चुकला. त्याचं कारण कोणत्याच कोष्टकात नाही, कारण ते अंतर आहे.

टीसीपी थोडा डेटा पाठवतो आणि पोच येण्याची वाट पाहतो. पोच यायच्या आत किती पाठवायचं याची मर्यादा मूळ रचनेत ६५,५३५ बाइट होती. ती वाढवायची सोय १९९२ मध्ये मानकात आली, पण विंडोज एनटी ४ मध्ये ती नव्हती. आमचा पुण्याचा मार्ग त्या दिवसांत युरोपचा वळसा घालून जात होता; जाऊन येऊन १८० मिलिसेकंद. ६५,५३५ बाइट भागिले ०.१८ सेकंद, झाले ३६४ किलोबाइट. यात १५५.५२ कुठंच येत नाही, बघा. जोडणी दसपट मोठी घेतली असती तरी उत्तर हेच.

कुवेत आणि मुंबई सरळ रेषेत सुमारे २,७५० किलोमीटर. काचेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे जाऊन येऊन कमीत कमी २७-२८ मिलिसेकंद. केबल होर्मुझमधून वळून जाते, तेव्हा थोडं जास्त धरा, ३० धरा. ३० मिलिसेकंदाला तोच जुना संगणक सेकंदाला सुमारे २.२ मेगाबाइट पाठवू शकतो. ३०० झाले की ०.२२. २००६ मध्ये सुरू झालेली फाल्कन केबल मुंबई आणि कुवेत दोन्हींना स्पर्श करते. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ फ्लॅग आणि सी-मी-वी-४ या दोन केबल तुटल्या, आणि १ फेब्रुवारीला दुबईजवळ फाल्कन. आखातातल्या जुन्या रहिवाशांना ते दिवस अजून आठवतात. तेव्हा बोलणं सगळं 'क्षमता किती गेली' यावर झालं, आणि ते बरोबरच होतं. पण ज्यांची वाहतूक उरलेल्या लांबच्या वाटेनं वळवली गेली, त्यांच्या जुन्या मशीनचा वेग केवळ लांबीमुळेही पडणार होता, नव्या वाटेवर जागा मोकळी असती तरी. कोष्टकात एसटीएम-१ ला कुवेत काय आणि अलेक्झांड्रिया काय.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त चीड आहे तिच्याकडे येते, आणि ती आपल्या घरची आहे. रोमन लिपीत लहान 'बी' म्हणजे बिट आणि मोठा 'बी' म्हणजे बाइट. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाही. दोन्ही 'एमबी' होतात. मराठीत कुणी 'शंभर एमबीचं कनेक्शन' आणि 'शंभर एमबीची फाइल' एकाच परिच्छेदात लिहितं, तेव्हा वाचकाला वाटतं फाइल एका सेकंदात येईल. लिपी बदलताना आठाचा गुणक गळून पडला, आणि तो गळल्याची खूणसुद्धा उरली नाही. रोमनमधला लहान 'एम' म्हणजे मिलि आणि मोठा म्हणजे मेगा, तेही आपल्याकडे एकच 'एम'. अरबी लिपीतही लहान-मोठं नसतं, तेव्हा हा रोग एकट्या मराठीचा नाही. पण उपाय सोपा आहे आणि आपण तो करत नाही: मेगाबिट किंवा मेगाबाइट असं पूर्ण लिहायचं. दोन अक्षरं जास्त लागतात. आम्हीही या साइटवर आधीच्या तीन लेखांत 'एमबीपीएस' लिहिलंय, मी स्वतः एका लेखात. ते बदलून घेतेय.

याची किंमत कोण मोजतं ते सांगते. सालमियाला राहणाऱ्या एका वहिनींकडे गेले होते. मुलाची ऑनलाइन शिकवणी अडकते, आईशी व्हिडिओ कॉल तुटतो, म्हणून त्यांनी १०० मेगाबिटचं पॅकेज वाढवून २०० चं घेतलं. फरक शून्य. इमारतीत फायबर जीपॉन पद्धतीचं आलेलं आहे, त्या तंतूवरून २,४८८.३२ मेगाबिट खाली येतात (हा आकडा म्हणजे सोळा एसटीएम-१, टेलिफोनचं भूत अजून मानगुटीवर आहे) आणि ते अनेक घरांत वाटले जातात. पण त्यांचा राउटर दहा वर्षांपूर्वीचा, त्याचं भोक १०० मेगाबिटचं. त्यातून टीसीपीला मिळतात ९५ च्या आसपास, म्हणजे १२ मेगाबाइटला थोडे कमी. वहिनी म्हणाल्या, "अहो, पण मी भागाकार करून पाहिला होता, २०० चे पंचवीस येतात." भागाकार बरोबर होता. वर्षभर जादा पैसे गेले. कॉल तुटायचा तो तर वेगामुळे नव्हेच, आतल्या खोलीत वाय-फाय पोचत नव्हतं.

मग ही कोष्टकं फेकून द्यायची का? नाही. आठानं भागावं लागतंच, आणि ओसी-३ म्हणजेच एसटीएम-१ हे कुणीतरी सांगावं लागतंच. माझी तक्रार अशी आहे, की चांगल्या कोष्टकानं प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठला ते लिहावं: तारेवरचा, माल उतरल्यावरचा, क्षणभराचा की सलग. आणि ज्या दोन आकड्यांची जात वेगळी, त्यांच्यात दशांश चिन्हानंतर काही छापूच नये. वहीमागचं शेर-मणाचं कोष्टक खरं होतं, कारण दोन्ही बाजूंना तेच धान्य होतं. १९६१ मध्ये कुवेतनं आखाती रुपया सोडून दिनार आणला तेव्हा साडेतेरालाही न बसणारा, तेरा पूर्णांक एक तृतीयांश रुपयांना एक दिनार असा विचित्र भाव ठरला. तोसुद्धा नीट चालला, कारण काउंटरच्या अलीकडे-पलीकडे एकाच वस्तूची मोजणी होती. इथं एका बाजूला रस्त्याची रुंदी आहे आणि दुसऱ्या बाजूला गोदामाच्या दाराची. त्यांना एककं सारखी आहेत म्हणून त्या एकच गोष्ट होत नाहीत.

गुरुवारचं राहिलं. सकाळी नऊ वाजता आमच्या त्या खोलीची वीज कामासाठी बंद झाली. तोवर सतरा तासांत २२ गिगाबाइट गेले होते: पहिली डिस्क पूर्ण, दुसरीचे दोन. चाचांनी पेचकस घेतला आणि दुसरी डिस्क बाहेर काढली. तिला लॅपटॉपशी जोडणारा अडॅप्टर लॅबमध्ये नव्हता. ते स्वतः गाडी घेऊन हवल्लीच्या कॉम्प्युटर बाजारात गेले, अकरा चाळीसला परत आले. लावला, ९ मेगाबाइटनं फायली यायला लागल्या. राहिलेल्या १८ गिगाबाइटना तेहेतीस मिनिटं हवी होती, आमच्याकडे वीस होती. उचलणारी माणसं वेळेवर आली. डिस्कवर संपत्ती-नोंदीचा क्रमांक होता, ती यंत्रातच परत बसवून द्यावी लागली. सात गिगाबाइट राहिले. २००४ च्या नोंदींपैकी मार्च आणि अर्धा एप्रिल.

नंतर कळलेल्या गोष्टींचा त्रास जास्त होतो. पाच जोडण्या एकाच वेळी उघडून पाठवलं असतं, तर प्रत्येकीला आपापले ६५,५३५ बाइट मिळाले असते आणि सहा तासांत सगळं पुण्यात असतं. त्याहून सोपं, बुधवारी चार वाजता शेजारच्या टेबलावरच्या संगणकात उतरवून घेतलं असतं, जिथं जाण्या-येण्याला एक मिलिसेकंदही लागत नाही, तर सव्वा तासात काम झालं असतं. पुण्याला सावकाश पाठवता आलं असतं. चाचांना हे बुधवारीच सुचलं होतं. मी 'हिशेब केलाय' म्हटल्यावर ते गप्प बसले, असं त्यांनी मला जायच्या आदल्या दिवशी सांगितलं. त्यांचा इकामा संपत आला होता, जूनमध्ये ते रत्नागिरीला परत गेले. अडॅप्टर माझ्या खणात आहे. दुसरी डिस्क भांडारात आहे का, म्हणून मी दोनदा अर्ज केला. दुसऱ्याचं उत्तर अजून यायचंय.